बालगंधर्व : नारायणराव राजहंस

सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे सोंग तेवढे आणता येत नाही, ही म्हण ज्यांच्या चरित्रास पुरेपूर लागू पडते ते नारायण श्रीपाद राजहंस. जन्म २६ जून १८८८ चा. पोरवयात त्यांचे गाणे ऐकून लोकमान्य टिळकांनी त्यांना बालगंधर्व म्हटले, असे सांगतात. सत्तरी उलटली तरी लोकांच्या तोंडी बालगंधर्वच!

१९०५ साली किर्लोस्कर नाटक मंडळीत ते शकुंतला होऊन उभे राहिले. त्या काळी घरंदाज स्त्रिया रंगभूमीवर येत नसत, स्त्रीपार्ट पुरुषच करीत. पण नारायणरावांचे पाहून घरंदाज बायका लुगडे कसे नेसावे, फुले कशी माळावी हे शिकल्या. उलटीच गंगा म्हणायची.

१२ मार्च १९११ रोजी मुंबईस खाडिलकरांच्या मानापमानाचा पहिला प्रयोग लागला होता. त्याच दिवशी नारायणरावांची लहान मुलगी वारली. खेळ मात्र झाला, आणि भामिनी नटूनथटून लोकांपुढे आली. यास कोणी कर्तव्यनिष्ठा म्हणतात, कोणी काळजाचा दगड. माझी आई गेली त्या आठवड्यात मी काल्याचे कीर्तन केले आहे. उभा होतो, अर्थ सांगत होतो, पण आतून कोण बोलत होते ते आजही मला सांगता यायचे नाही. म्हणून या प्रसंगाचा निवाडा मी करीत नाही.

१९१३ साली गणपतराव बोडस व गोविंदराव टेंबे यांच्यासह त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. भास्करबुवा बखले यांची तालीम लाभली. १९१६ साली स्वयंवरात ते रुक्मिणी झाले. तबल्यास अहमदजान थिरकवां! शालू खरे भरजरी, अत्तर खरे. हात सढळ, हिशेब कधी ठेवला नाही, त्यामुळे कर्ज मानगुटीस बसले ते बसलेच. ८ जुलै १९२१ रोजी केशवराव भोसले यांच्याबरोबर त्यांनी संयुक्त मानापमान केले, ते मात्र टिळक स्वराज्य फंडासाठी.

१९३१ साली संत कान्होपात्रा हे नाटक आले. मंगळवेढ्याच्या गणिकेची लेक, बेदरच्या बादशहाचे बोलावणे आले तेव्हा विठ्ठलाच्या पायी देह ठेवणारी. नारायणरावांचे वय तेव्हा त्रेचाळिशीचे. पण नाट्यपदातली नखरेल तान भजनात आली आणि पार आर्जव होऊन गेली. आमच्या पाठशाळेत गुरुजी नाटकाचे नावही काढू देत नसत. शेजारच्या घरी कान्होपात्रेची तबकडी लागली, की कौमुदीचा पाठ थांबवून डोळे मिटून बसत. आम्ही पोरे एकमेकांकडे पाहत असू.

पुढे १९३५ साली प्रभातचा धर्मात्मा आला. व्ही. शांताराम दिग्दर्शक, मास्टर कृष्णरावांचे संगीत, आणि नारायणराव एकनाथ महाराजांच्या भूमिकेत. आधी ठेवलेले महात्मा हे नाव सेन्सॉरच्या आक्षेपामुळे बदलावे लागले. अस्पृश्याच्या घरी जेवणारे नाथ त्यात आहेत, विषय मोलाचा. पण जन्मभर शालूत पाहिलेला माणूस पागोट्यात लोकांना हवा तसा रुचला नाही. शिवाय कॅमेऱ्यापुढे ना टाळी, ना वन्समोअर! श्रोता समोर नसला म्हणजे गाणाऱ्याची काय दशा होते ते आम्हां कीर्तनकारांना विचारा. प्रभातशी झालेली भागी त्या एका चित्रपटावरच संपली.

उतारवयात पाय अधू झाले, पैसा उरला नाही. गोहरबाई कर्नाटकी यांच्या सोबतीवरून जवळच्यांनीही बोल लावले. ते बसल्या बसल्या भजने गात राहिले. १९५५ साली संगीत नाटक अकादमीचा सन्मान, १९६४ साली पद्मभूषण. १५ जुलै १९६७ रोजी पुण्यास त्यांनी देह ठेवला. आषाढ शुद्ध पक्ष चालू होता. पुण्यावरून गेलेल्या पालख्या पंढरीजवळ आल्या होत्या.