जुनीं नाताळगीतें राखणारा विद्वान्

डेव्हिस गिल्बर्ट ह्यांचा जन्म इ. स. १७६७ त इंग्लंडच्या नैर्ऋत्येस कॉर्नवॉल प्रांतांत झाला. ते गणितज्ञ व पार्लमेंटचे सभासद होते. १८२७ त रॉयल सोसायटी नामक विद्वत्सभेचे अध्यक्षही झाले. परंतु आम्हांस त्यांचें निराळेंच कार्य अधिक मोलाचें वाटतें. त्यांच्या बालपणीं नाताळच्या आदल्या रात्रीं घरोघर व सणाच्या दिवशीं उपासनामंदिरांत गाइलीं जाणारीं गीतें पुढें लोपत चाललीं. वृद्ध गेले म्हणजे चालीही जाणार! ग्रामस्थांचीं तीं साधीं पदें ह्या थोर पुरुषानें क्षुद्र लेखिलीं नाहींत. १८२२ त त्यांनीं आठ गीतें चालींसह छापून प्रसिद्ध केलीं. १८३३ त विल्यम सँडिस ह्या वकिलानें तसाच मोठा संग्रह छापला. १८३९ त गिल्बर्ट निवर्तले.