हिमशिखरांचा विश्वासू साक्षीदार

डोंगरमाथ्यावरून दिसणारे विस्तीर्ण दृश्य टिपण्यासाठी आजचे छायाचित्रकार टिल्ट-शिफ्ट भिंग वापरतात, शेजारशेजारची अनेक चित्रे घेतात आणि संगणकावर ती सांधतात. या तंत्राची मुळे काचेच्या प्लेटच्या काळात आहेत. त्या काळात हे कष्टाचे काम आल्प्सपासून काराकोरमपर्यंतच्या बर्फात ज्यांनी निष्ठेने केले, त्यांत इटलीच्या व्हिट्टोरिओ सेला यांचे नाव अग्रभागी आहे.

सेला यांचा जन्म २८ ऑगस्ट १८५९ रोजी उत्तर इटलीतील बिएला येथे, लोकरी कापडाचा व्यवसाय करणाऱ्या घराण्यात झाला. वडील ज्युसेप्पे यांनी १८५६ मध्येच छायाचित्रणावर इटालियन भाषेत ग्रंथ लिहिला होता, तर काका क्विंतिनो सेला हे देशाचे अर्थमंत्री आणि इटालियन अल्पाइन क्लबचे संस्थापक. रसायने आणि पर्वत हे दोन्ही वारसे व्हिट्टोरिओंना घरातच लाभले.

१८७९ मध्ये, विशीच्या उंबरठ्यावर, त्यांनी बिएलाजवळच्या मोंते मार्स या शिखरावरून सभोवतालचे दृश्य टिपण्याचा घाट घातला. तेव्हाची ओल्या कोलोडियनची पद्धत मोठी जिकिरीची. काचेवर द्रावण पसरायचे, ते ओले असतानाच चित्र घ्यायचे आणि लगेच अंधाऱ्या तंबूत प्लेट धुवायची, हे सारे शिखरावरच उरकावे लागे. पुढे कोरड्या प्लेट हाती आल्या आणि सेला यांनी ३० बाय ४० सेंटिमीटरच्या प्लेटचा डॅलमायर कॅमेरा वापरायला घेतला. त्याचे वजन सुमारे १८ किलो, तर एकेका प्लेटचे जवळपास एक किलो होते. काचा फुटू नयेत म्हणून त्यांनी पाठपिशव्या आणि खोगिरे यांतही सुधारणा केल्या.

अशा विशाल दृश्यासाठी कॅमेरा तिपाईवर अचूक समतल ठेवून टप्प्याटप्प्याने फिरवावा लागतो. शिखर चौकटीत येत नाही म्हणून कॅमेराच वर कलवला, तर शेजारच्या दोन चित्रांतले क्षितिज जुळत नाही. म्हणून मोठ्या प्लेटच्या कॅमेऱ्यांत भिंग वर-खाली सरकवण्याची सोय असे. ही सोय आज टिल्ट-शिफ्ट भिंगात आढळते. प्रत्येक चित्राची कड पुढच्या चित्रात थोडी यावी लागते, आणि ढग व ऊन बदलण्याआधी सगळ्या प्लेट पुऱ्या व्हाव्या लागतात. नंतर छापील चित्रे कडेला कड लावून जोडायची. एक प्लेट बिघडली की सारी मालिका खंडित होई.

सेला स्वतः कसलेले गिर्यारोहक होते. मॅटरहॉर्नवरील पहिली हिवाळी चढाई त्यांनी मार्च १८८२ मध्ये कारेल घराण्यातील वाटाड्यांसह केली. १८८९, १८९० आणि १८९६ मध्ये ते कॉकेशसमध्ये गेले. १८९९ मध्ये डग्लस फ्रेशफील्ड यांच्यासह दार्जिलिंगहून निघून त्यांनी ८,५८६ मीटर उंचीच्या कांचनगंगेला प्रदक्षिणा घातली. सप्टेंबरच्या अखेरीस झालेल्या प्रचंड हिमवृष्टीने वाट अडवली, तरी कॅमेऱ्याचे काम थांबले नाही.

त्यांच्या कामाची खरी कसोटी १९०९ मध्ये लागली. अब्रुझीच्या ड्यूकची मोहीम श्रीनगरहून जोजिला ओलांडून स्कार्दूमार्गे बाल्टोरो हिमनदीवर पोहोचली. लक्ष्य होते ८,६११ मीटरचे के-टू. आग्नेय धारेवर सुमारे ६,२५० मीटरनंतर चढाई सोडून द्यावी लागली. पुढे चोगोलिसावर ड्यूक ७,४९८ मीटरपर्यंत पोहोचले. तेथेही शिखर हुकले. गिर्यारोहणाच्या हिशेबात हे अपयशच होते. पन्नाशीला टेकलेले सेला मात्र हिमनद्या आणि कडे यांची विस्तृत चित्रमालिका घेऊन परतले. ज्या धारेवरून ड्यूक मागे फिरले, त्याच धारेने ३१ जुलै १९५४ रोजी इटालियन गिर्यारोहक के-टूच्या माथ्यावर पोहोचले.

एकटा सुळका चौकटीत पकडला, की तो हवा तितका उत्तुंग भासवता येतो. शेजारची शिखरे, खिंडी आणि हिमनद्या यांच्यासह तो उभा केला, की अतिशयोक्तीला जागा उरत नाही. सेला यांच्या जोडचित्रांचे मोल यात आहे. जो माणूस तेथे कधीच गेला नाही, त्यालाही कोणती धार कोठून वर चढते, हे त्यांवरून वाचता येते. चुकीचे चित्र त्याच्या जिवावर बेतू शकते, याची जाण स्वतः दोराला बांधून घेणाऱ्या छायाचित्रकाराला होती.

वयाच्या ७६ व्या वर्षीही सेला मॅटरहॉर्नकडे निघाले होते. वाटाड्याला झालेल्या अपघातामुळे त्यांना मागे फिरावे लागले. १२ ऑगस्ट १९४३ रोजी बिएला येथे त्यांचे निधन झाले. अमेरिकेचे थोर निसर्ग छायाचित्रकार अॅन्सेल अॅडम्स यांनी त्यांच्या कामाची मनापासून प्रशंसा केली. त्यांचा संग्रह बिएला येथील सेला प्रतिष्ठानाने जतन केला आहे. दरम्यान, त्या चित्रांतल्या कित्येक हिमनद्या आक्रसल्या आहेत. शंभर वर्षांपूर्वीचा बर्फ कोठवर होता, हे ताडून पाहण्यासाठी संशोधक अशाच जुन्या छायाचित्रांचा आधार घेतात.