विसरलेला घोडा

मानसशास्त्राच्या क्रमिक पुस्तकात 'छोटा हान्स' आपल्याला भेटतो तो जेमतेम अर्ध्या पानापुरता. घोड्याला भिणारा पाच वर्षांचा मुलगा, त्यावरून फ्रॉईडने मांडलेला सिद्धान्त, आणि टीप संपली. परीक्षेला तेवढे पुरते. या मुलाचे पुढे काय झाले, हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. गेल्या पोळ्याला तो पडला. त्याचे कारण घरगुती आहे. ते शेवटी सांगतो.

हान्सचे खरे नाव हर्बर्ट ग्राफ. १० एप्रिल १९०३ रोजी व्हिएन्ना शहरात त्याचा जन्म झाला. वडील मॅक्स ग्राफ हे नामांकित संगीत-समीक्षक आणि दर बुधवारी फ्रॉईडकडे जमणाऱ्या अभ्यासू मंडळींपैकी एक; आई ओल्गा ही तर पूर्वी फ्रॉईडकडे उपचार घेतलेली. घरोबा इतका, की हर्बर्टच्या तिसऱ्या वाढदिवसाला फ्रॉईड स्वतः एक झुलता लाकडी घोडा घेऊन चार जिने चढून आले होते.

त्याच वर्षी हर्बर्टला धाकटी बहीण झाली. पुढे १९०८ च्या जानेवारीत तो रस्त्यावर जायला घाबरू लागला. घोडा आपल्याला चावेल, अशी त्याची भीती. त्या काळी व्हिएन्नाचे रस्ते घोडागाड्यांनी भरलेले असत; तेव्हा घोड्याची भीती म्हणजे घराबाहेरच्या सगळ्या जगाचीच भीती! प्रवासी गाडीचा एक थोराड घोडा कोसळून पाय झाडताना त्याने पाहिला होता. मुलगा जे बोले ते वडील टिपून घेत, फ्रॉईडना कळवीत आणि त्यांच्या सल्ल्याने मुलाशी बोलत. या उपचारात फ्रॉईडनी स्वतः मुलाची भेट घेतली ती एकदाच, ३० मार्च १९०८ रोजी. घोड्याच्या डोळ्यांवरची झापडे आणि तोंडाभोवतीचा काळेपणा म्हणजे बापाचा चष्मा आणि मिशा, असा अर्थ त्यांनी लावला. मूल घोड्याला नव्हे, बापाला भिते आहे. कारण आई त्याला एकट्याला हवी आहे. मे महिन्यापर्यंत भीती ओसरली. १९०९ साली मुलाचे नाव बदलून हा वृत्तान्त प्रसिद्ध झाला आणि पुढे जगभर गाजला.

गंमत अशी, की ज्याच्यावर तो लिहिला गेला त्याला त्याचा पत्ताच नव्हता! मुलगा वाढला. आईवडील विभक्त झाले, दोघांनीही पुन्हा लग्ने केली आणि लाडक्या बहिणीची ताटातूट झाली. एकोणिसाव्या वर्षी वडिलांच्या अभ्यासिकेत तो लेख हर्बर्टच्या हाती पडला. वाचताना ती हकिकत कुणा परक्याची वाटली. घोडा आठवेना, भीती आठवेना, फ्रॉईडही आठवेनात. ग्मुंडेन या गावी गेल्याचा उल्लेख आला, तेव्हा कुठे मनात अंधूक काही हलले. कारण गावांची नावे बदललेली नव्हती. हा मुलगा आपणच!

१९२२ च्या वसंत ऋतूत तो फ्रॉईडच्या दारात जाऊन उभा राहिला. लहान मुलाच्या मनाची अशी चिरफाड केल्याने त्याचे वाटोळे होणार, असे भाकीत विरोधकांनी केले होते. समोर तर निरोगी, आनंदी तरुण उभा! फ्रॉईडनी त्याला मिठी मारली. त्याच वर्षी त्यांनी जुन्या वृत्तान्ताला छोटीशी पुरवणी जोडली. रात्री स्वप्नाने जाग यावी, त्याचा अर्थ लावून माणूस समाधानाने पुन्हा झोपावा आणि सकाळी स्वप्नही आठवू नये, अर्थही आठवू नये. तसेच येथे दुखणे आणि औषध दोन्ही विस्मृतीत गेले, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय आहे.

हर्बर्टने पुढे स्वतःच्या कर्तृत्वावर नाव कमावले. १९२५ मध्ये डॉक्टरेट मिळवून तो ऑपेराचा, म्हणजे युरोपातील संगीत नाटकाचा, दिग्दर्शक झाला. हिटलरच्या उदयानंतर त्याला जर्मनी सोडावा लागला. १९३६ पासून न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात त्याने अनेक वर्षे काम केले. हे संगीत सामान्य जनतेपर्यंत जावे म्हणून त्याने पुस्तके लिहिली. तो छोटा हान्स आपणच, हे त्याने १९७२ साली एका मुलाखतीत सांगितले. ५ एप्रिल १९७३ रोजी जिनिव्हात त्याचे निधन झाले.

फ्रॉईडचा अर्थ सर्वांना पटलेला नाही. १९६० मध्ये वोल्पे आणि रॅकमन यांनी मांडले, की मुलगा भ्याला तो कोसळलेल्या घोड्यामुळेच. त्यासाठी बापाला मध्ये आणण्याचे कारण नाही. तो वाद विद्वानांचा. मला मात्र दुसरीच गोष्ट लागून राहिली.

गेल्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, आईने पुतण्यासाठी माळ्यावरून जुना लाकडी नंदी काढला आणि सहज सांगितले, की हा आबाजींनी माझ्या औषधासाठी केला होता! मी चार वर्षांचा असताना कापसाच्या बंडीचा बैल माझ्यासमोर कोसळला. त्यानंतर मी अंगणातसुद्धा उतरेना. आबाजींनी नंदी घडवला, दोरी माझ्या हाती दिली. आधी ओसरीत, मग अंगणात, मग गोठ्याच्या दारापर्यंत तो ओढायला लावला. शेवटी माझ्या हातानेच खऱ्या बैलाला पुरणपोळी चारली. मला यातले काहीच आठवत नाही. मी तर स्वतःला जन्माचा धीट समजत होतो!

पुतण्याने दोरी ओढली. चाके करकरली, आणि तो आवाज तेवढा ओळखीचा वाटला. माझे ग्मुंडेन ते एवढेच. हर्बर्टला निदान फ्रॉईडचे दार ठोठावता आले. आबाजींना जाऊन सहा वर्षे झाली. त्यांनी काहीच लिहून ठेवले नाही; जे आहे ते आईच्या आठवणीत. म्हणून हल्ली सुट्टीत घरी गेलो, की वही घेऊन तिच्याजवळ बसतो.