अतिया फैजी : लंडनचं एक वर्ष आणि बहिणीला धाडलेला रोजनामचा

शिक्षणासाठी सातासमुद्रापार गेलेल्या आपल्या समाजातल्या सुरुवातीच्या महिलांमध्ये मुंबईच्या अतिया फैजी यांचं नाव घ्यावं लागतं. अल्लामा इकबाल आणि मौलाना शिबली नोमानी यांच्या परिचयातल्या म्हणून उर्दू वाचणारे त्यांना ओळखतात. पण त्या लंडनला गेल्या होत्या त्या शिक्षिका होण्याची तालीम घ्यायला, ही गोष्ट मागंच राहून जाते. शाळेत शिकवणाऱ्या माणसाला मात्र त्यांच्या आयुष्यातलं तेच एक वर्ष सगळ्यात जवळचं वाटतं.

अतिया यांचा जन्म 1877 चा, तुर्कस्तानातल्या इस्तंबूलचा. वालिद हसन अली व्यापारी होते आणि व्यापारानिमित्त तिकडं राहत होते. घराणं मुंबईच्या सुलेमानी बोहरा जमातीतलं, तय्यबजी कुटुंबाच्या नात्यातलं. जोहरा, नाजली आणि अतिया या तिघी बहिणी. नाजली यांचं लग्न आपल्या कोकणातल्या मुरूड-जंजिऱ्याच्या नवाबांशी झालं. घरातल्या बायका चेहऱ्याचा पडदा करत नसत, पण डोकं झाकलेलं असायचं. या कुटुंबांमध्ये एक छान रिवाज होता. घरात एक मोठी वही असायची, तिला ते अखबार म्हणत. घरातल्या कुणीही दिवसभरात काय घडलं ते त्यात लिहायचं. बायकामुलंसुद्धा. लिहिण्याची सवय अतियांना लागली ती अशा घरात.

मुलांना विलायतेला धाडणं या खानदानाला नवीन नव्हतं. बदरुद्दीन तय्यबजी 1860 साली, जेमतेम 16 वर्षांचे असताना इंग्लंडला गेले आणि 1867 मध्ये बॅरिस्टर होऊन परतले. पुढं 1887 मध्ये ते काँग्रेसचे अध्यक्ष झाले. हेच बदरुद्दीन साहेब 19 ऑगस्ट 1906 रोजी लंडनमध्ये वारले. त्यानंतर थोड्याच दिवसांत, सप्टेंबरमध्ये, अतिया मुंबईहून त्याच लंडनला निघाल्या. घरावर दुःख असताना, अजून लग्न न झालेल्या लेकीला एवढ्या दूर पाठवायचं ही सोपी गोष्ट नव्हती. घरच्यांनी तिला थांबवलं नाही.

तो काळ जहाजाचा. मुंबई, एडन, सुएझ कालवा, मग भूमध्य समुद्र. इंग्लंडचा किनारा दिसायला काही आठवडे जायचे. सरकारी शिष्यवृत्ती मिळाली होती आणि प्रवेश होता मारिया ग्रे ट्रेनिंग कॉलेजमध्ये. 1878 साली सुरू झालेलं हे कॉलेज माध्यमिक शाळांसाठी शिक्षिका तयार करायचं. आज आपण बीएड म्हणतो, साधारण त्याच जातीचं शिक्षण.

कॉलेज सुरू होतं न होतं तोच ऑक्टोबरच्या उत्तरार्धात रमजान लागला. मुंबई सोडून दोन महिनेही झालेले नव्हते. घरापासून दूरचा पहिला रमजान कसा असतो, हे होस्टेलवर राहिलेल्या आपल्या मुलामुलींना सांगायला नको. त्यात थंडी, लवकर मावळणारा दिवस, वेगळं जेवण, वेगळी भाषा. अतियांनी पेहराव मात्र आपलाच ठेवला. डोक्यावरून घेतलेली झिरझिरीत ओढणी आणि स्वतःच्या पसंतीनं बेतलेला पोशाख, अशा रूपात त्या लंडनमध्ये वावरल्या.

या सगळ्या दिवसांचा रोजनामचा त्या लिहीत आणि तो मुंबईला बहीण जोहरा यांच्याकडं पाठवत. कॉलेज, पाहिलेल्या संस्था, भेटलेली माणसं, सगळं त्यात यायचं. जोहरांनी तो पेटीत ठेवून दिला नाही. नीट लावून तो लाहोरच्या ‘तहजीब-ए-निसवाँ’कडं दिला. 1898 मध्ये सुरू झालेलं हे बायकांचं साप्ताहिक मुहम्मदी बेगम या चालवत. तिथं 1907 मध्ये हा रोजनामचा छापून आला. ज्या बायकांना गल्लीबाहेर जायला परवानगी लागायची, त्या घरात बसून लंडनच्या कॉलेजची हकिकत वाचू लागल्या.

1 एप्रिल 1907 ला लंडनमध्येच त्यांची इकबाल यांच्याशी पहिली भेट झाली. इकबाल तेव्हा केंब्रिजला शिकत होते, म्हणजे तेही परदेशातले विद्यार्थीच. ही ओळख पुढं पत्रांतून टिकली आणि 1947 मध्ये अतियांनी इकबाल यांच्यावर पुस्तक काढलं.

पण कॉलेजचं काय झालं? तब्येतीनं साथ दिली नाही. अभ्यासक्रम अर्धवट सोडून 1907 मध्येच त्या परतल्या. प्रमाणपत्र हाती आलं नाही. आजच्या हिशेबानं कुणी म्हणेल, शिष्यवृत्ती वाया गेली. मात्र 1921 मध्ये तोच रोजनामचा आग्र्याहून ‘जमाना-ए-तहसील’ नावानं पुस्तकरूपात आला. आपल्याकडं तहसील म्हटलं की सातबाराची कचेरी आठवते. उर्दूत तहसील म्हणजे मिळवणं, इल्म हासिल करणं. पदवी न मिळालेल्या विद्यार्थिनीनं आपल्या पुस्तकाला हे नाव दिलं, आणि ते खोटं नव्हतं.

पुढचं आयुष्य मोठं होतं. 1912 मध्ये पुण्याच्या बेने इस्राईल समाजातले चित्रकार सॅम्युअल रहमीन यांच्याशी त्यांचं लग्न झालं. 1914 मध्ये भारतीय संगीतावर त्यांचं इंग्रजी पुस्तक आलं. 1920 च्या दशकात अलीगढच्या शैक्षणिक परिषदेत त्या पडद्याआड न बसता सर्वांसमोर बोलल्या. फाळणीनंतर दोघं कराचीला गेले. तिथं घर बांधलं, पण ते हातातून गेलं. 1964 मध्ये रहमीन वारले, आणि जानेवारी 1967 मध्ये अतिया बेगम तंगीतच अल्लाहला प्यारी झाल्या.

आमच्या रिद्धपुरात 2024 पासून मराठी भाषा विद्यापीठ सुरू झालंय. याच गावाशी लीळाचरित्र लिहिणारे म्हाइंभट आणि धवळे रचणारी महदाइसा यांची नावं जोडलेली आहेत. माणसं गेली तरी त्यांचा काळ आपल्याला कळतो, कारण कुणीतरी बसून तो लिहून ठेवला. अतियांचं वर्षही तसंच वाचलं. एका बहिणीनं लिहिलं, दुसरीनं जपलं आणि छापायला दिलं.

आता अमरावती, अचलपूर, मोर्शीकडच्या मुली पुण्याला, हैदराबादला, काही तर देशाबाहेर शिकायला निघतात. घरोघरी तेव्हा फीचा हिशेब होतो आणि लोक काय म्हणतील याचाही. त्या हिशेबात एवढी एक गोष्ट धरा. मुलीला निरोप देताना बॅगेत लोणच्याच्या बरणीसोबत एक कोरी वही ठेवा. आणि तिनं तिकडून काही लिहून पाठवलं, तर मोबाईलमध्ये पडू देऊ नका; तिच्या धाकट्या बहिणींना मोठ्यानं वाचून दाखवा.