दुबळ्यांसाठी योगाची पायरी बांधणारे स्वामी कुवलयानंद

आंतरराष्ट्रीय योग दिन २०१५ पासून दरवर्षी २१ जूनला साजरा होतो. त्या सकाळी कळवणसारख्या तालुक्याच्या गावापासून मुंबईपर्यंत शाळाशाळांच्या पटांगणांवर मुले रांगेने बसतात आणि शिक्षकांच्या आज्ञेबरोबर आसने करतात. त्या रांगेत कबड्डी गाजवणारा मुलगा असतो, तसा धावण्याच्या शर्यतीत नेहमी शेवटी येणाराही असतो. या दोघांना एकाच वेळी व्यायाम कसा शिकवावा, या प्रश्नाला शास्त्राच्या कसोटीवर उत्तर शोधणाऱ्यांत लोणावळ्याच्या कैवल्यधाम संस्थेचे संस्थापक स्वामी कुवलयानंद यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते.

जगन्नाथ गणेश गुणे हे त्यांचे मूळ नाव. ३० ऑगस्ट १८८३ रोजी गुजरातेतील डभोई येथे त्यांचा जन्म झाला. घरची परिस्थिती बेताची होती, पण बुद्धी तल्लख. १९०३ मध्ये मॅट्रिकच्या परीक्षेत त्यांनी संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती पटकावली आणि ते बडोदा कॉलेजात दाखल झाले. राष्ट्रसेवेच्या ध्यासाने आजन्म ब्रह्मचर्याचे व्रत त्यांनी तरुणपणीच घेतले.

बडोद्यातच १९०७ ते १९१० या काळात जुम्मादादा व्यायाममंदिरात राजरत्न माणिकराव यांच्या हाताखाली त्यांचे शारीरिक शिक्षण झाले. जुन्या आखाड्याची रीत वस्तादाच्या नजरेवर चालणारी. जोर, बैठका, कुस्ती यांत अंगात रग असलेला पठ्ठ्या झपाट्याने पुढे जाई. किरकोळ अंगाचा मुलगा मात्र अनेकदा आपणहूनच आखाड्याकडे पाठ फिरवी. माणिकरावांनी हिंदी आज्ञांवर चालणाऱ्या सांघिक व्यायामाची घडी बसवली आणि एका शिक्षकाला शेकडो मुले एका तालावर हलवता येऊ लागली. आखाड्यापुढचे हे मोठे पाऊल होते. तरीही समूहाच्या तालाबरोबर ज्याचा दम टिकत नाही, त्याचे काय, हा प्रश्न उरतच होता.

पुढे अमळनेर येथे खानदेश शिक्षण संस्थेत अध्यापन करताना गुणे यांचा अशा असंख्य सामान्य विद्यार्थ्यांशी संबंध आला. १९१९ मध्ये नर्मदाकाठच्या मालसर येथे परमहंस माधवदास यांच्याकडून त्यांना योगाची दीक्षा मिळाली. तेथून त्यांच्या विचाराला वेगळी दिशा लाभली. योगाभ्यासाला ना साधने लागत, ना धिप्पाड देह. मात्र तो सर्वांना द्यायचा तर त्याचा शरीरावर नेमका काय परिणाम होतो, हे आधी तपासले पाहिजे, असे त्यांना वाटले.

बडोद्याच्या रुग्णालयात त्यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने उड्डियान व नौली या क्रियांची तपासणी केली. नौलीत मोठ्या आतड्यात अंशतः निर्वात स्थिती निर्माण होते, हे दिसून आल्यावर त्यांनी तिला गुरूंचे नाव दिले. १९२४ मध्ये लोणावळ्यात कैवल्यधामची स्थापना झाली आणि 'योगमीमांसा' हे नियतकालिकही सुरू झाले. प्राणायामाने शरीराला भरपूर प्राणवायू मिळतो, हा लोकप्रिय समज प्रयोगांत टिकत नाही, हे योगाचा कैवार घेणाऱ्या या माणसानेच निःसंकोचपणे मांडले.

या शास्त्रीय वृत्तीचा खरा लाभ नवशिक्यांना झाला. आसनांवरील आपल्या पुस्तकात त्यांनी सर्वांसाठी एकच क्रम ठेवला नाही. साधारण प्रकृतीच्या माणसासाठी पूर्ण अभ्यासक्रम, वेळ कमी असलेल्यांसाठी लहान अभ्यासक्रम आणि अशक्तांसाठी सोपा अभ्यासक्रम, अशी विभागणी त्यांनी केली. औषधाची मात्रा ठरावी, तशी आसनांची मात्रा ठरली. सर्वांगासन अर्ध्या मिनिटापासून सुरू करावे आणि आठवड्याला थोडे थोडे वाढवावे, अशी त्यांची शिस्त होती. ताण सोसवेल तेवढाच घ्यावा आणि धाप लागेपर्यंत जाऊ नये, यावर त्यांचा कटाक्ष असे. १९२७ मध्ये रक्तदाबाच्या विकाराने त्रस्त झालेल्या महात्मा गांधींनीही त्यांचा सल्ला घेतला होता.

मात्र घरी एकट्याने करायचा अभ्यास वेगळा आणि भरगच्च वर्ग वेगळा. मुंबई इलाख्याच्या शारीरिक शिक्षण समितीवर काम करताना हे वास्तव त्यांच्यासमोर होते. त्यातून त्यांनी यौगिक संघव्यायामाची आखणी केली. माणिकरावांकडून लाभलेली आज्ञेची शिस्त त्यांनी कायम ठेवली. पण तिच्यात बसवले ते सोपे, संथ आणि टप्प्याटप्प्याने करण्याचे प्रकार. १९३६ मध्ये मुंबईत मरीन ड्राइव्हवर सुरू झालेल्या केंद्राने हा अभ्यास शहरी माणसाच्या दारी नेला.

या पद्धतीतही एक पेच होताच. आज्ञा आली की स्पर्धा येते, आणि शेजाऱ्याइतके वाकण्याच्या ईर्षेत दुबळा मुलगा पुन्हा मागे पडू शकतो. शिवाय, गुरू-शिष्याच्या एकांतातील साधनेची कवायत होऊन बसण्याचा धोकाही होता. कुवलयानंदांच्या लेखी योगाचे अंतिम ध्येय आध्यात्मिकच होते. तरीही बहुसंख्यांना पहिली पायरी गाठता यावी म्हणून त्यांनी हा धोका पत्करला आणि आयुष्यभर मात्रेचा आग्रह धरला.

१८ एप्रिल १९६६ रोजी त्यांचे देहावसान झाले. त्यांनी रुजवलेला संघव्यायाम आज पटांगणावर सहज दिसतो. त्यामागचा मात्रेचा विचार मात्र तितका दिसत नाही. रांगेतल्या शेवटच्या मुलाला किती झेपते, हे पाहूनच पुढची आज्ञा देणारा शिक्षक हाच त्यांचा खरा वारसदार म्हणावा लागेल.