चार्ली ख्रिश्चन

चार्ल्स हेन्री ख्रिश्चन ऊर्फ चार्ली ख्रिश्चन (जन्म : बॉनहॅम, टेक्सास, २९ जुलै १९१६, मृत्यू : न्यू यॉर्क, २ मार्च १९४२) हे अमेरिकी जॅझ गिटारवादक होते. वाद्यवृंदात ताल धरण्यापुरत्या उरलेल्या गिटारला त्यांनी सॅक्सोफोन आणि ट्रम्पेट यांच्या बरोबरीचे एकल वाद्य बनवले. ऑगस्ट १९३९ ते जून १९४१ ही जेमतेम २२ महिन्यांची त्यांची कारकीर्द. वयाच्या २५व्या वर्षी क्षयरोगाने त्यांचे निधन झाले. तरीही जॅझ गिटारचा नाद कसा असावा याविषयीची आजची समजूत बहुतांशी त्यांच्या वादनावरून घडली आहे. तो नाद केवळ बोटांतून आला नव्हता. गिटारवरचे पिकअप, जेमतेम १५ वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर आणि त्यातला कागदी शंकूचा एकच स्पीकर यांचा त्यात मोठा वाटा होता.

बालपण

ख्रिश्चन यांचे घराणे संगीतकारांचे होते. चार्ली लहान असतानाच कुटुंब टेक्सास सोडून ओक्लाहोमा सिटी येथे राहावयास आले. वडील क्लॅरेन्स हे गिटारवादक होते. आजारपणात त्यांची दृष्टी गेली होती. उदरनिर्वाहासाठी ते आपल्या मुलांना घेऊन सधन गोऱ्या वस्त्यांतून वाजवीत फिरत. चार्ली अगदी लहान असताना या फेऱ्यांत नाचत असे, पुढे वाजवू लागला. वडील वारले आणि त्यांची वाद्ये चार्लीकडे आली.

डग्लस शाळेत झेलिया ब्रो या नामवंत संगीतशिक्षिका होत्या. चार्लीचा ओढा टेनर सॅक्सोफोनकडे होता. बाईंनी ट्रम्पेट सुचवले आणि त्या वादातून शाळेतले वाद्यशिक्षण बाजूला पडले. सॅक्सोफोनची ही ओढ मात्र टिकली. पुढे लेस्टर यंग यांच्या सॅक्सोफोनवादनाचा त्यांच्यावर गाढा परिणाम झाला. गिटारवर ते जी लांब, वळणदार स्वरवाक्ये गुंफीत, ती मुळात फुंकीच्या वाद्याची चाल होती. त्याच शाळेत शिकलेले कादंबरीकार राल्फ एलिसन यांनी पुढे १९५८ साली ख्रिश्चन यांच्यावर एक मार्मिक लेख लिहिला. सिगारच्या खोक्यांपासून चार्लीने बनवलेल्या गिटारांचे वर्णन त्यात आढळते.

वाद्यवृंदातली मुकी गिटार

१९३०च्या दशकातल्या अमेरिकी वाद्यवृंदात ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, सॅक्सोफोन आणि ड्रम यांचा एकत्र गजर होत असे. त्यात गिटारवादक प्रत्येक मात्रेवर एकेक आघात करून लय राखी. एकेरी स्वरांची तान त्याने घेतली तरी ती तिसऱ्या रांगेलाही ऐकू जाणे कठीण होते. मराठी रंगभूमीच्या इतिहासाशी याची तुलना करता येईल. ध्वनिक्षेपक नव्हते तोवर गायकनटाला शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचणारा खडा, चढा आवाज लावावा लागे. मायक्रोफोन, तबकडी आणि नभोवाणी आल्यावर याच दशकात हळुवार भावगीत रुजले. यंत्राने आवाज मोठा केला एवढेच नव्हे, तर गाण्याचा स्वभावही बदलला. गिटारच्या बाबतीतही तसेच घडले.

कॅलामाझू येथील गिब्सन कंपनीने १९३६ साली ईएस-१५० ही विद्युत गिटार बाजारात आणली. गिटार, अ‍ॅम्प्लिफायर आणि जोडतार असा संच सुमारे १५० डॉलरना मिळे, त्यावरूनच हे नाव पडले. मुख्यपट्टीच्या टोकाजवळ पोलादी पात्याभोवती तारेचे वेटोळे गुंडाळलेले असे आणि त्याला मोठ्या चुंबकांची जोड असे. तारा कंप पावल्या की वेटोळ्यात क्षीण विद्युतप्रवाह उत्पन्न होई. अ‍ॅम्प्लिफायर तो वाढवी आणि स्पीकर त्याचा पुन्हा ध्वनी करी. हे पिकअप आज ख्रिश्चन यांच्याच नावाने ओळखले जाते. १९३७ साली एडी डरहॅम या वादकाशी त्यांची गाठ पडली व विद्युत गिटारच्या शक्यता त्यांना उमगल्या. लवकरच त्यांनी स्वतःचा संच घेतला.

बेनी गुडमन यांच्याकडे

पियानोवादक मेरी लू विल्यम्स यांनी ओक्लाहोमात ख्रिश्चन यांना ऐकले आणि त्यांची शिफारस ध्वनिमुद्रिका-निर्माते जॉन हॅमंड यांच्याकडे केली. हॅमंड यांनी त्यांना ऑगस्ट १९३९ मध्ये लॉस एंजेलिसला बोलावून घेतले. क्लॅरिनेटवादक बेनी गुडमन यांचा वाद्यवृंद तेव्हा अमेरिकेत अत्यंत लोकप्रिय होता. हॅमंड यांच्या आठवणीनुसार जांभळा सदरा आणि पिवळे बूट घालून आलेला हा तरुण गुडमन यांना मुळीच रुचला नाही. अ‍ॅम्प्लिफायर जोडण्याचीही सवड न देता त्यांनी त्याला साथीचे चार स्वरमेळ वाजवावयास सांगितले आणि परीक्षा आटोपती घेतली. विद्युत गिटारची परीक्षा विजेशिवाय घेतली गेली, तेव्हा निकाल वेगळा लागणे शक्यच नव्हते.

त्याच रात्री, १६ ऑगस्टला, बेव्हर्ली हिल्समधील व्हिक्टर ह्यूगो उपाहारगृहात गुडमन यांचा कार्यक्रम होता. मध्यंतरात हॅमंड यांनी गुडमन यांना न विचारताच ख्रिश्चन यांचा अ‍ॅम्प्लिफायर मंचावर नेऊन ठेवला. परतलेल्या गुडमन यांना हे पसंत पडले नाही. नवख्याला येणार नाही अशा समजुतीने त्यांनी ‘रोझ रूम’ ही धून पुकारली. ख्रिश्चन यांना ती चांगलीच परिचित होती. आवर्तनामागून आवर्तने होत गेली आणि ती एकच धून ४० मिनिटांहून अधिक काळ चालली. ख्रिश्चन यांची नेमणूक झाली. आठवड्याचा पगार १५० डॉलर ठरला असे सांगितले जाते. त्यांच्या गिटार-संचाचीही किंमत तेवढीच होती.

२ ऑक्टोबर १९३९ रोजी गुडमन यांच्या सहा वादकांच्या संचाचे पहिले ध्वनिमुद्रण झाले. त्यात ‘फ्लाइंग होम’, ‘रोझ रूम’ आणि ‘स्टारडस्ट’ या धुना होत्या. वर्णभेदाच्या त्या काळात गोऱ्या व काळ्या वादकांनी एका मंचावर बसणे ही सामान्य गोष्ट नव्हती. गुडमन यांनी टेडी विल्सन आणि लायोनेल हॅम्प्टन यांना घेऊन हा पायंडा आधीच पाडला होता. त्याच वर्षी २४ डिसेंबरला न्यू यॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्येही ख्रिश्चन यांचे वादन झाले.

नाद आणि स्पीकर

ख्रिश्चन यांचा स्वर गोल, भरीव आणि किंचित खरखरीत आहे. त्याची कारणे त्यांच्या सामग्रीत शोधावी लागतात. पिकअप मुख्यपट्टीलगत असल्यामुळे तारांच्या मऊ कंपनांचा भाग अधिक उचलला जाई. गिब्सनच्या ईएच-१५० अ‍ॅम्प्लिफायरमध्ये एकच स्पीकर असे, आरंभी १० इंची आणि पुढे १२ इंची. जबर ताकदीचे स्थायी चुंबक त्या काळी महाग असल्याने स्पीकरमध्ये सर्रास विद्युतचुंबक वापरत आणि त्याला लागणारा प्रवाह अ‍ॅम्प्लिफायरच पुरवी.

गिटारच्या सर्वांत खालच्या तारेचा मूळ स्वर सुमारे ८२ हर्ट्झचा, तर अशा गिटारवरचे सर्वांत वरचे स्वर सुमारे १,००० हर्ट्झचे असतात. त्यावरचे सारे उपस्वर. गिटारच्या स्पीकरचा कागदी शंकू साधारण ५,००० हर्ट्झच्या पुढचा ध्वनी फारसा देत नाही. घरगुती संगीतसंचासाठी हा दोष ठरेल. जॅझ गिटारसाठी मात्र हाच गुण ठरला. नखीची टकटक आणि तारेवर बोट घसरल्याचा आवाज त्या उंच पट्ट्यात असतात. ते गळून पडले आणि उरला तो सॅक्सोफोनसारखा सलग, उबदार स्वर. ख्रिश्चन यांचा बहुतेक आघात वरून खाली होत असे. त्यामुळे प्रत्येक स्वराला सारखे वजन मिळे आणि या मर्यादित स्पीकरमधूनही स्वरवाक्य स्पष्ट उमटे. वाद्यवृंद जोरात असला की १५ वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर आपल्या शक्तीच्या कडेवर येई आणि स्वराला बारीक धार चढे.

पुढच्या पिढ्यांना वाद्याचा आवाज वाढवायचा होता, पण ही धार नको होती. विशेषतः चार-पाच स्वरांचे गुंतागुंतीचे मेळ वाजवताना प्रत्येक स्वर सुटा ऐकू यावा अशी त्यांची अपेक्षा होती. जॅझ गिटारसाठी स्पीकर निवडण्याचे आजचे निकष यातूनच आले. १० इंची स्पीकर चपळ असतो पण खालच्या तारा हलक्या वाटतात; १५ इंची स्पीकर त्यांना भार देतो, मात्र लहान खोलीत तो घुमण्याची भीती असते; १२ इंची हा मधला, बहुतेकांना मानवणारा मार्ग होय. अ‍ॅम्प्लिफायरच्या शक्तीहून बरीच अधिक शक्ती पेलणारा स्पीकर घेतला तर शंकू ताणला जात नाही आणि स्वर स्वच्छ राहतो. रॉकवादक नेमका ताणला जाणारा स्पीकर शोधतात. त्यांची शिफारस जॅझवादकाने जशीच्या तशी उचलू नये.

स्पीकरची संवेदनशीलता दुर्लक्षित राहते ती वॅटच्या आकड्याच्या मोहामुळे. ३ डेसिबल अधिक संवेदनशील स्पीकर म्हणजे दुप्पट वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर घेतल्यासारखेच आहे. पेटीची मागची बाजू उघडी असल्यास आवाज खोलीभर पसरतो, बंद असल्यास खालचे स्वर घट्ट येतात. व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्प्लिफायरला ओहमचा मेळ बसवूनच स्पीकर जोडावा लागतो. पोकळ गिटारच्या बाबतीत आणखी एक पथ्य आहे. मोठ्या आवाजातल्या स्पीकरसमोर ती धरली की तिची पोकळी स्वतःच कंप पावून हुंकारू लागते; म्हणून वादक स्पीकरपासून थोडा बाजूला बसतो.

मिंटन्स प्लेहाऊस, आजार आणि मृत्यू

गुडमन यांचा कार्यक्रम संपला की ख्रिश्चन हार्लेममधील ११८व्या रस्त्यावरच्या मिंटन्स प्लेहाऊसमध्ये जात. तेथे थेलोनियस मंक, केनी क्लार्क, डिझी गिलेस्पी आदी तरुण वादक पहाटेपर्यंत वाजवीत. बीबॉप या नावाने प्रसिद्ध झालेली शैली याच बैठकांतून आकाराला आली. रोज अ‍ॅम्प्लिफायर वाहून आणण्याचा त्रास वाचावा म्हणून तेथील व्यवस्थापक टेडी हिल यांनी ख्रिश्चन यांच्यासाठी एक अ‍ॅम्प्लिफायर घेऊन तेथेच ठेवला होता. जेरी न्यूमन या विद्यार्थ्याने १९४१ साली आपल्या यंत्रावर या बैठका मुद्रित केल्या, म्हणून त्या आज ऐकता येतात. तीन मिनिटांच्या तबकडीचे बंधन नसल्याने ख्रिश्चन यांची बढत इथेच मोकळेपणाने दिसते.

१९४० सालीच त्यांना क्षयाने गाठले होते. काही दिवस रुग्णालयात आणि काही आठवडे घरी विश्रांती घेऊन ते न्यू यॉर्कला परतले व जागरणे पुन्हा सुरू झाली. मार्च १९४१ मध्ये त्यांनी गुडमन यांच्या पूर्ण वाद्यवृंदासह ‘सोलो फ्लाइट’ मुद्रित केले. आरंभापासून अखेरपर्यंत विद्युत गिटारच अग्रभागी असलेली ही रचना होती. जूनमध्ये त्यांना स्टेटन आयलंडवरील सीव्ह्यू आरोग्यधामात दाखल करावे लागले. ते पुन्हा बाहेर आले नाहीत. क्षयावर गुणकारी ठरलेले स्ट्रेप्टोमायसिन १९४३ साली हाती आले, त्यांच्या मृत्यूनंतर सुमारे दीड वर्षाने. बॉनहॅम येथे त्यांचे दफन झाले. त्या जागी नावाचा दगड बसायला १९९४ साल उजाडले.

प्रभाव

वेस माँटगोमेरी यांनी ख्रिश्चन यांच्या तबकड्यांवरचे एकल वादन जसेच्या तसे बसवून गिटार आत्मसात केली. पुढे स्वतःचा नाद जमवताना तेही मनाजोग्या अ‍ॅम्प्लिफायरच्या शोधात राहिले आणि १५ इंची स्पीकरच्या स्टँडेल अ‍ॅम्प्लिफायरकडे वळले. १९९० साली ख्रिश्चन यांचा रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये समावेश झाला. ओक्लाहोमा सिटीत एका रस्त्याला त्यांचे नाव आहे.

मुंबईलाही जॅझ त्याच दशकात परिचित झाले. लिऑन ॲबी यांचा कृष्णवर्णीय वादकांचा वाद्यवृंद १९३५ साली ताजमहाल हॉटेलात वाजवीत होता. गोमंतकीय वादकांनी ही शैली उचलली आणि हिंदी चित्रपटसंगीतात आणली. मुंबईत जन्मलेले गोमंतकीय गिटारवादक अमान्सिओ डिसिल्व्हा (१९३६–१९९६) यांनी पुढे लंडनमध्ये सॅक्सोफोनवादक जो हॅरियट यांच्यासह ‘हम दोनो’ हा जॅझ आणि भारतीय संगीत यांचा मेळ घालणारा संग्रह १९६९ साली मुद्रित केला.

ध्वनिमुद्रणे

नव्या श्रोत्याने १९३९च्या ‘रोझ रूम’पासून आरंभ करावा, नंतर ‘सोलो फ्लाइट’ आणि अखेरीस मिंटन्समधली मुद्रणे ऐकावीत. पहिल्यात स्वर गोल व सुटसुटीत आहे. शेवटच्यांत गर्दी, खाकरणे आणि पेल्यांचे आवाज यांमधून गिटार येते आणि अ‍ॅम्प्लिफायरची खरखर उघड ऐकू येते. मोबाइलच्या इवल्या स्पीकरवर खालचे स्वर निघत नाहीत, तेव्हा ही मुद्रणे मोठ्या स्पीकरवर किंवा चांगल्या हेडफोनवर ऐकावीत.