आतड्याच्या तुकड्यातून मेंदूकडे

अफूने वेदना शमतात आणि जुलाबही थांबतात, हे वैद्यकाला शतकानुशतके ठाऊक होते. डॉ. हान्स कोस्टरलिट्झ यांनी यातील दुसऱ्या गुणाचा माग काढत पहिल्याचे गूढ उकलले.

१९०३ साली बर्लिनमध्ये जन्मलेले कोस्टरलिट्झ तेथील शारिटे रुग्णालयात काम करीत. १९३३ मध्ये नाझी सत्तेवर आले आणि या ज्यू डॉक्टरची नोकरी गेली. पुढच्याच वर्षी त्यांनी स्कॉटलंडमधील ॲबर्डीन गाठले, ते कायमचेच.

त्यांचे साधन अगदी साधे होते. गिनीपिगच्या लहान आतड्याचा तुकडा क्षारांच्या द्रावणात टांगायचा आणि त्याला विजेचे सौम्य झटके द्यायचे. प्रत्येक झटक्यासरशी तुकडा आकसतो. मॉर्फिन मिसळले की आकसणे मंदावते, नॅलोक्सोन घातले की पूर्ववत होते. वेदनाशामक औषध जितके जालीम, तितका त्याचा आतड्यावरील प्रभाव अधिक, हे त्यांनी दाखवून दिले.

१९७३ मध्ये, वयाच्या सत्तरीत, विद्यापीठातून निवृत्त होताच त्यांनी व्यसनकारक औषधांच्या संशोधनाचा नवा विभाग उभारला. इतरांची कारकीर्द संपते, तेथे यांची खरी सुरू झाली! तरुण सहकारी जॉन ह्यूज कत्तलखान्यातून डुकरांचे मेंदू आणत. त्यातूनच डिसेंबर १९७५ मध्ये शरीराचे स्वतःचे ‘मॉर्फिन’, अर्थात दोन एन्केफॅलिन, जगासमोर आली. पाच अमिनो आम्लांची ही साखळी. दोहोंत फरक केवळ शेवटच्या दुव्याचा.

पण एक कोडे उरले. उंदराच्या शुक्रवाहिनीवर एन्केफॅलिन मॉर्फिनहून कितीतरी प्रभावी ठरत, आतड्यावर मात्र तसे होत नसे. शिवाय शुक्रवाहिनीवरील त्यांचा परिणाम पुसण्यास नॅलोक्सोन सुमारे दसपट लागे. कुलूप एकच असते, तर असे घडते ना. अमेरिकेतील विल्यम मार्टिन यांनी १९७६ मध्ये कुत्र्यांवरील प्रयोगांतून म्यू आणि कप्पा हे ग्राही सुचवले होते. ॲबर्डीनच्या चमूने १९७७ मध्ये त्यांत ‘डेल्टा’ची भर घातली. आतड्यात प्रामुख्याने म्यू व कप्पा, तर शुक्रवाहिनीत डेल्टाही, असा उलगडा झाला.

१९७८ चा लास्कर पुरस्कार त्यांना ह्यूज आणि सॉलोमन स्नायडर यांच्यासह मिळाला. कँडेस पर्ट यांना वगळल्याने तो वादग्रस्तही ठरला. नोबेलने हुलकावणी दिली. २६ ऑक्टोबर १९९६ रोजी ॲबर्डीन येथे त्यांचे निधन झाले. नोबेल घरात आले ते २० वर्षांनी, २०१६ मध्ये. मानकरी होते त्यांचे भौतिकशास्त्रज्ञ पुत्र मायकेल.